दसऱ्याचं व्होल्टेज

आमच्या राइस मिलचा इलेक्ट्रिक मिस्त्री बोदलकसाकडचा, तलावाच्या काठच्या गावातला. तिरोडा ते गोंदिया पट्ट्यातल्या पंधरा-वीस मिलांची पॅनलं त्याच्या हातची होती. मोटर बसली, स्टार्टर चिकटला, की लोक त्यालाच निरोप धाडायचे. त्याच्याजवळ दुकान नव्हतं, पाटी नव्हती. लोकांच्या तोंडी त्याचं नाव होतं, तेवढ्यावर त्याची चूल पेटायची. ते नाव मी बुडवलं. या गोष्टीला आता वीस वर्षं होत आली.

तेव्हाच्या मला मी 'ती बाई' म्हणते. ती बाई सत्तेचाळीस वर्षांची. चष्म्याला काळी दोरी, हातात वही, वहीच्या पुठ्ठ्याला अडकवलेली दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. गोंदियाच्या कॉलेजात एक वर्ष सायन्स केलेलं, त्यात फिजिक्सला गचकलेली. पण कोंड्याच्या धुळीतून अशा रुबाबात चालायची, की वाटावं, वीज हिच्या माहेराहून आली आहे. हमालांसमोर 'व्होल्टेज' हा शब्द ती मुद्दाम सावकाश उच्चारायची. हमाल बिचारे पोतं खाली ठेवून, 'हो इंजिनिअर बाई' म्हणत ऐकून घ्यायचे; तेवढीच त्यांना विश्रांती.

त्या वर्षी आमच्या यांनी एक जपानी पॉलिशर घेतलं. वापरलेलं, पण जपानी. जहाजाने आलं, मग ट्रकने नागपूर, मग आमचं आंगण. तांदूळ असा गुळगुळीत निघेल की बाईने आरसा म्हणून वापरावा, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. मशीनच्या पोटावर पितळी पट्टी होती. तीवरची अक्षरं कोंबडीच्या पायासारखी, पण आकडा आपल्याला वाचता येईल असा होता. दोनशे व्होल्ट, थ्री फेज.

आपल्या मिलमध्ये येते ती थ्री फेज पुस्तकात चारशे पंधरा. पुस्तकात, असं मी मुद्दाम म्हणते. म्हणजे मध्ये ट्रान्सफॉर्मर पाहिजे, आलेली वीज दोनशेवर उतरवून देणारा. तो नागपूरच्या एका कारखान्यात बनवून घ्यायचं ठरलं. मिस्त्रीने त्याला येणाऱ्या बाजूला तीन टॅप ठेवायला सांगितले: चारशे पंधराचा, तीनशे ऐंशीचा आणि साडेतीनशेचा. लाइनीला जितकं येतं त्या टॅपला वायर जोडायची, म्हणजे पलीकडे नीट दोनशे निघतात. टॅप चुकला तर पलीकडचा आकडाही चुकला.

"कोनता टॅप लावाचा ते मोजल्याबिगर नाही सांगता येत, बाई," मिस्त्री म्हणाला. "तुमी मोजान का? दिवसातून तीनदा. सकाळी पंप चालू व्हायच्या आंधी, दुपारी, अन् सांजच्याले. चाळीस दिवस."

"कायले एवढं? एकदा मोजून भागत नाही का?"

"आपली लाइन एकसारखी नाही राहत जी. उन्हाळी धानाचे पंप चालले का मरते. पंप बंद झाले का उड्या मारते. दोन्ही दिसलं पाहिजे."

त्या बाईने मान डोलावली. दुसऱ्याच दिवशी गोंदियाहून नवी वही आणली, पट्टीने रेघा मारल्या, तीन रकाने पाडले. सकाळ, दुपार, सांज. मथळे लाल पेनने. रेघा पाहूनच तिचं अर्धं समाधान झालं.

मिलमध्ये एक मीटर होतं; ते लावायला मिस्त्रीने शिकवलं होतंच. दुपारचा आकडा ती रोज इमानाने घ्यायची, कारण दुपारी ती यांचा डबा घेऊन मिलमध्ये जायचीच. तीनशे अठ्ठेचाळीस. तीनशे बावन्न. तीनशे चव्वेचाळीस. सकाळी मात्र नळ यायचा, आणि सांजच्याला टीव्हीवर एक मालिका होती. तिच्यातली सून विष घेणार की नाही, हे कळण्याची त्या बाईला फार निकड होती. पहिले चार दिवस तिने तीनही रकाने खरे भरले की नाही, तेही मला आज शपथेवर सांगता येणार नाही. पाचव्या दिवसापासून ती अंदाजाने भरू लागली. दुपारचा आकडा घ्यायचा, सकाळला दोन वाढवायचे, सांजेला तीन कमी करायचे. आकडे खरे वाटावेत म्हणून मधूनच एखादा वेडावाकडा टाकायचा. एका रविवारी तिने शेंगा सोलता सोलता अख्ख्या आठवड्याच्या सकाळी आणि सांजा भरून काढल्या. त्या आठवड्यातल्या एका सांजेला तर लाइटच नव्हती. तरी तिच्या वहीत तीनशे एक्कावन्न.

मिस्त्रीने वही पाहिली तेव्हा त्याचं बोट सकाळच्या रकान्यावरून खाली उतरत गेलं आणि थांबलं.

"सकाळीबी साडेतीनशेच? सकाळी तं जास्त पाहिजे होतं."

"आता मी तीनदा मोजलं," ती बाई म्हणाली. "तुमाले विश्वास नसन तं तुमी मोजा."

"नाही जी. मी काऊन शंका घेऊ? अशी वही सबस्टेशनातबी नसन."

हे ऐकून ती बाई फुगली. चार दिवस तिच्या डोक्यात ते वाक्य वाजत होतं. मला आज ते आठवलं की दात खावेसे वाटतात, पण दातही आता फारसे उरले नाहीत.

ट्रान्सफॉर्मर यायला पावसाळा उलटला. मशीनला पाया घातला, वायर ओढली. वहीप्रमाणे मिस्त्रीने साडेतीनशेचा टॅप धरला. "चालू करू त्या दिवशी एकदा मोजून घेईन," तो म्हणाला. आणि यांनी मुहूर्त काढला दसऱ्याचा.

आमच्याकडे दसऱ्याला मिल बंद असते. पाने, हातोड्या, पुली काढायचा पुलर, तराजू, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. एकदा पूजा झाली की दुसऱ्या सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. ही रीत आमची एकट्याची नाही; त्या दिवशी रस्त्यावरच्या सगळ्या मिला बंद. शिवाय आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता, त्यामुळे धानाला पाणी द्यायला एकही पंप चालू नव्हता. त्या दिवशी आमच्या लाइनीवर मागणारं कोणी नव्हतं. हे आज मी एका वाक्यात लिहिते. त्या दिवशी ते कोणाच्या ध्यानात आलं असेल तर फक्त मिस्त्रीच्या.

तो सकाळी आला तेव्हा त्याची पिशवी ती बाईच घेऊन गेली. पक्कड, टेस्टर, त्याचं आणि मिलचं अशी दोन्ही मीटरं, सगळं पुसून पाटावर मांडलं. मीटरांवर तिने सर्वांत मोठी फुलं ठेवली. मोजमापाचं हत्यार म्हणजे तिला आपलंच वाटायचं.

आरती झाली. मिस्त्री पाटाजवळ घुटमळला.

"बाई, मीटर घेतो जरा. एकदा पाहून घेतो."

"पूजेतून उचलता का? वर्षभर हत्यार हातात टिकन का मग?"

त्याने हात मागे घेतला. पॅनलवर एक व्होल्टमीटर होतं, पण त्याचा काटा कित्येक वर्षांपासून चारशेवर गंजून बसला होता. वीज नसली तरी तो चारशेच दाखवायचा.

"उद्या करू ना चालू," मिस्त्री आमच्या यांना म्हणाला. "आज हत्यारं बसली आहेत, मशीनबी बसू द्या."

"दसऱ्याले लोक गाडी घेतेत तं ढकलत नेतेत का?" हे म्हणाले. "नव्या मशीनले दोष नाही. पायलीभर तांदूळ काढा, देवीसमोर ठेवाचा हाय."

"मी चाळीस दिवस मोजलं," ती बाई मागून म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं.

मशीन चालू झालं. नारळ फुटला. मोटर घुमायला लागली, आणि तो आवाज मोटरीचा नव्हता. पोळ्यातल्या माश्या एकदम उठाव्यात, तसा.

"आवाज भारी येऊन राहिला," मिस्त्री म्हणाला.

"जपानी आहे, तिची बोली तशीच असन," ती बाई म्हणाली. हमाल हसले. ती बाईही हसली. मी काही त्यांना दोष देत नाही, विनोद बरा होता.

मिस्त्रीने मोटरीच्या अंगावर तळवा ठेवला आणि झटकन काढला. तेवढ्यात मोटर तापली की वीज तोडणारा रिले पडला, मशीन थांबलं. "थंडी होऊ द्या," तो म्हणाला. यांनी पुन्हा चढवायला लावलं. पुन्हा पडला. पुन्हा चढवला. देवीसमोर ठेवायचे तांदूळ अजून अर्धेही झाले नव्हते. तिसऱ्या वेळी मिस्त्रीने "नाही" म्हटलं आणि यांनी स्वतः रिलेचा स्क्रू फिरवून त्याची मर्यादा वाढवली. मग आला तो वास. मोटर जळते तेव्हा आधी गोडसर वास येतो, लाखेसारखा, मग घशाला झोंबतो. पॅनलमध्ये काहीतरी फटफट फुटलं. मिस्त्रीने मेन स्विच ओढला. मोटरीच्या जाळीतून धूर निघत राहिला, पाटावरच्या हत्यारांवर काळी राख बसली, आणि कुंकू दिसेनासं झालं.

आठवड्याने नागपूरचा माणूस आला, ट्रान्सफॉर्मरवाल्यांचा. तोवर सगळ्या मिला धडधडत होत्या, ऊन कडकडीत पडलं होतं, लोक धानाला शेवटचं पाणी देत होते. त्याने दुपारी दोन वाजता मीटर लावलं. तीनशे पंचावन्न.

"टॅप तो सही है," तो म्हणाला. "रीडिंग लिया था क्या पहले?"

त्या बाईने वही पुढे केली. त्याने पानं उलटली. "सुबह भी यही, शाम को भी यही. तो व्होल्टेज का मामला ही नहीं है. कनेक्शन लूज होगा, एक फेज छूटा होगा. दो फेज पे मोटर चलेगी तो जलेगी ही." मग मिस्त्रीकडे पाहून, वायरीच्या टोकावर दाबून बसवायच्या टोपीकडे बोट करत म्हणाला, "लग दबाया था ठीक से?"

मिस्त्री आपल्या हाताकडे पाहत उभा राहिला. दाबला होता की नव्हता, हे तो आठवून पाहत होता, आणि त्याला ते आठवत नव्हतं. इतक्या वर्षांत हजारो लग दाबले, त्यातला एक कोणाला आठवतो?

रिलेचा स्क्रू फिरवल्याचं यांनी सांगितलं नाही. मिस्त्रीनेही तो विषय काढला नाही.

ती बाई तोवर भोळी होती, असं म्हणून तिला सोडवता येईल. पण दुसऱ्याच सकाळी, नळाचं पाणी तसंच वाहत ठेवून, ती मिलमध्ये गेली. का गेली? दसऱ्याच्या दिवशी घरातला पंखा वेड्यासारखा फिरत होता आणि देवघरातला बल्ब फुटला होता, ते तिला आठवलं होतं. मिला सुरू व्हायच्या होत्या, पंप चालू व्हायचे होते. तिने मीटर लावलं. चारशे बत्तीस. तिने पुन्हा लावलं. चारशे बत्तीसच. तीन रकान्यांतला पहिला रकाना तिच्यासमोर उभा होता, आणि तो भरायला वही मात्र तिने सोबत आणली नव्हती. ती घरी आली. वही पेटीत टाकली, वरून शालू घातले.

यांनी मुद्दाम काही केलं नाही. मिलवाल्यांत चार माणसं बसली की कोणीतरी विचारायचं, "तुमचं जपानी मशीन काय झालं?" आणि हे म्हणायचे, "मिस्त्रीचा हात आता पह्यलेसारका नाही राहिला." बस एवढंच. आमच्या भागात एवढं पुरतं. आधी एका मिलने गोंदियाचा दुसरा माणूस बोलावला, मग दुसरीने. पुढच्या हंगामात मिस्त्रीला कोणाचाच निरोप गेला नाही. मी एकदा तिरोड्याच्या बाजारात त्याला पाहिलं. त्यानेही मला पाहिलं आणि मान खाली घालून नमस्कार केला. तो नमस्कार माफी मागणाऱ्याचा होता.

मी तेव्हाही बोलले नाही. यांची इज्जत, माझी वही, असलं काहीबाही मनाशी म्हणत राहिले. खरं सांगायचं तर मला इंजिनिअर म्हणवून घ्यायची सवय झाली होती.

मग वर्षं गेली. हे गेले. मिल विकली, जपानी मशीन भंगारात गेलं. मी नातवंडांना खोड्या शिकवणारी म्हातारी झाले आणि त्यात बरी रमले. मागच्या हिवाळ्यात दारावर मासोळ्या घेऊन एक बाई आली, बोदलकसाची. सहज विचारलं, तुमच्याकडे एक मिस्त्री होता, आहे का?

"हाय ना. पन त्याले मिस्त्री कोन म्हन्ते आता? तो तं घरचा बल्बबी दुसऱ्याकडून लावते. पिलगाले हात नाही लावत. म्हन्ते, माझ्या हातानं काम बिघडते."

दोन दिवसांनी मी ऑटो करून गेले.

तो आंगणात खाटेवर बसून जाळं विणत होता. केस पांढरे, डोळे पूर्वीचेच. त्याच्या बायकोने पाणी दिलं. मी वेळ काढला नाही, काढला असता तर परत फिरले असते.

"मिस्त्री, त्या वहीतल्या सकाळी खोट्या होत्या. सांजाही. मी दुपारचंच मोजत होते. बाकीचं घरी बसून लिहिलं."

त्याच्या हातातली सुई थांबली.

"दसऱ्यानंतर मोजलं मी, पहाटे. चारशे बत्तीस होतं."

तो मग हलक्या आवाजात हिशेब करायला लागला, माझ्याशी नाही, जाळ्याशी. "दसऱ्याले मिला बंद, पंप बंद. चारशे चाळीस असन. साडेतीनशेवर दोनशे. चारशे चाळीसवर... अडीचशे." त्याने वर पाहिलं. "अडीचशे गेलं जी मोटरीत. जळनच ते. लग कितीबी दाबला असता तरी जळनच."

"हो."

"लग दाबला होता म्या."

"हो मिस्त्री."

मला वाटलं, आता त्याचं ओझं उतरलं. म्हातारपणी माणूस असा आशाळभूत होतो. त्याने जाळं बाजूला फेकलं.

"आता काऊन सांगून राहिल्या? तवा काऊन नाही सांगितलं? मी रात्रंदिवस तो लग दाबून राहिलो. सपनात दाबतो. पोराच्या घरचा पंखा लावाले नाही गेलो, का मरन कोनी माझ्या हातानं." त्याची बायको दारात येऊन उभी राहिली. "हे मले नका सांगू. मले सांगून काय होते? ज्याइले सांगितलं होतं का माझा हात बिघडला, त्याइले सांगा. मिलांच्या नाक्यावर चहाची टपरी हाय, सगळे मिस्त्री तेथीच बसतेत. तेथी जाऊन सांगा. माझं नाव घेऊन सांगा. मंग या."

मी गेले. दुसऱ्याच दिवशी, सकाळी दहा वाजता. टपरीवर सात-आठ मिस्त्री बसले होते, कमरेला टेस्टर, हातात ग्लास. मी उभी राहिले, मिस्त्रीचं नाव, गाव, सगळं सांगितलं, आणि माझी वही, माझे आकडे, दसरा, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. एकाने मला बसायला स्टूल दिलं.

"कौन मिस्त्री, अम्मा?" दुसऱ्याने विचारलं.

मी पुन्हा नाव सांगितलं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकजण म्हणाला, त्याचा मामा पूर्वी या मिलांत होता, त्याला माहीत असेल, पण तो रायपूरला गेला. दुसऱ्याने विचारलं, तो ट्रान्सफॉर्मर किती केव्हीएचा होता. टपरीवाला म्हणाला, मी बारा वर्षं इथे आहे, हे नाव ऐकलं नाही. त्यांच्यात कोणाच्या मनात मिस्त्रीबद्दल वाईट नव्हतं. चांगलंही नव्हतं. काहीच नव्हतं.

मी पुढच्या दोन मिलांतही गेले. एकीत मालक नवा. दुसरीत म्हातारा मुनीम होता, तो म्हणाला, "हो, होता एक. वारला ना तो?"

दुपारी मी बोदलकसाला परत गेले. मिस्त्री आंगणातच होता. स्वच्छ सदरा घातला होता, दाढी केली होती. ते पाहून मला खोटं बोलावंसं वाटलं. आकडे भरायचा माझा हात अजून तेवढाच सराईत आहे. सांगितलं असतं की सगळे हळहळले, तर त्याने मानलंही असतं.

"सांगितलं," मी म्हणाले. "पण कोणाला आठवत नाही."

"म्हंजे?"

"तुमचं नाव कोणाला माहीत नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही. एक म्हणाला, तुम्ही वारलात."

तो हसेल असं मला वाटलं. त्याची बायको हसली, क्षणभर, पदर तोंडाला लावून. तो नाही हसला. खाटेची दोरी बोटाने ओढत राहिला.

"बाईंसाठी चहा टाकू का?" बायकोने विचारलं.

"माझ्यापुरता टाक," तो म्हणाला.

मी उठले. चपला घातल्या. त्याने मला थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. ऑटोवाला रस्त्यावर उभा होता, त्याने विचारलं, भेट झाली का आजी? मी हो म्हटलं.